मदत हवी आहे : ओक्लाहोमातल्या बहिणीच्या घरात टोर्नेडोसाठी लोखंडी खोली, घेण्याआधी काय तपासू?

वागळे_फॅब (ठाणे)

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात, मूर गावात राहते. एप्रिल-मे हा तिकडे टोर्नेडोचा हंगाम. या एकाच गावावरून ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ असे दोनदा सर्वात वरच्या श्रेणीचे टोर्नेडो गेले. २०१३ मध्ये २४ माणसं दगावली, त्यात प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं होती. तिच्या घराला तळघर नाही. गॅरेजची जमीन खोदून पुरलेला शेल्टर मिळतो, पण तिच्या सासूबाई उन्हाळाभर तिच्याकडे असतात आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. उभ्या पायऱ्या उतरून खाली जाणं त्यांना जमणारच नाही. म्हणून गॅरेजमध्ये जमिनीवरच बसवायची लोखंडी खोली घ्यायचं ठरतंय. चार फूट बाय सहा फूट, उंची साडेसहा फूट.

दोन कोटेशनं आली आहेत. एक तयार खोली विकणाऱ्या कंपनीचं, १० गेज चादरीचं, म्हणजे साधारण ३.४ मिमी. दुसरं गावातल्या वेल्डरचं. तो पाव इंची प्लेटची खोली कमी पैशात करून देतो म्हणतो, आणि वर म्हणतो की वजनच इतकं आहे की ती जागची हलणार नाही. बहिणीने दोन्ही ड्रॉइंग मला पाठवली. "दादा, तुझं रोजचं काम आहे, तूच बघून सांग."

माझं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेड, मेझनाइन, जिने, गेट ही आमची कामं. नुसती जाड प्लेट बघितली तर वेल्डरचं काम दणकट वाटतं, पण त्या जोरावर हो म्हणायची माझी तयारी नाही. थोडा हिशोब मांडला तो असा. आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. तिकडच्या टोर्नेडो शेल्टरसाठी ताशी २५० मैल धरतात, म्हणजे ताशी ४०० किमी, सेकंदाला जवळपास ११२ मीटर. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग अडीचपटीहून थोडा जास्त झाला की दाब साडेसहापट होतो. चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या वर. त्या खोलीच्या लांब बाजूवर पावणेतीन टन ढकल येते, आणि वेल्डरची खोली सगळी मिळून भरते जेमतेम पाऊण टन.

निसर्ग वादळाच्या वेळी आमच्या भागात शेडचे पत्रे उडाले तेव्हा मी स्वतः वर चढून बघितलं होतं. पत्रा फाटलेला नव्हता. पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकच्या भोवतीचं भोक लांबट होऊन पत्रा हुकवरून निसटला होता. म्हणून माझा सगळा संशय जोडांवर आहे.

विचारायचं ते हे : दरवाजा कसा असावा? खाली स्लॅबला पकड कशी द्यायची? उडत येणाऱ्या लाकडाचा मार धरायचा तर प्लेट किती लागते? आणि कंपनीच्या पत्रकावर "फेमा मान्यताप्राप्त" लिहिलंय (फेमा म्हणजे तिकडची सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्था), त्याला कितपत अर्थ आहे? हंगामाआधी बसवायची आहे, म्हणून जरा घाई आहे.

---

सळई_आणि_काँक्रीट (खारघर)

दादा, हिशोब बरोबर दिशेने आहे, पण एक गोष्ट राहिली. खोली नुसती ढकलली जात नाही, छतावर वारा वरच्या दिशेने ओढतो. या मापाच्या छतावर ती ओढ दीड टनाच्या घरात जाते. म्हणजे पाऊण टन वजन तिथेच संपलं. आणि आडव्या ढकलीने खोली नुसती सरकणार नाही, कलंडेलही. चार फुटांच्या पायावर स्वतःच्या वजनातून मिळणारा विरोध कलंडवणाऱ्या जोराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकाच आहे. वेल्डर म्हणतो ते वजन इथे कामाला येत नाही. सगळं काम अँकर बोल्टचं आणि त्याखालच्या काँक्रीटचं.

तेव्हा आधी गॅरेजचा स्लॅब तपासायला सांगा. जाडी किती, सळई किंवा जाळी आहे का, तडे कुठे आहेत. बोल्ट स्लॅबच्या कडेजवळ आले तर बोल्ट शाबूत राहतो आणि काँक्रीटचा टवका निघून येतो. त्यामुळे कडेपासून अंतर राखायचं आणि ते किती हे अँकरच्या तक्त्यातून घ्यायचं, अंदाजाने नाही. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, असेल तर भोक ब्रशने आणि हवेने साफ केलंय का हे बहिणीने समोर उभं राहून बघावं. धूळ राहिली की रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि बोल्ट हाताने घट्ट लागतो तरी ताण आल्यावर अलगद वर येतो.

सर्वात महत्त्वाचं : तिकडे चिकणमातीच्या जमिनीवर बरीच घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेल्या स्लॅबवर असतात. ड्रिलखाली ताणलेली केबल आली तर स्लॅब तर जाईलच, ड्रिल मारणाऱ्याच्या जिवालाही धोका. गॅरेजच्या फरशीवर बऱ्याचदा तसा शिक्का किंवा पाटी असते. असेल तर स्कॅन केल्याशिवाय एकही भोक नको.

आणि ड्रॉइंगमध्ये खोली घराच्या भिंतीला किंवा छताच्या लाकडांना कुठे जोडली असेल तर तो जोड काढून टाका. घर जाणार हे धरूनच हिशोब करतात. जाताना घराने खोलीला ओढून नेता कामा नये.

---

प्रेअरी_मराठी (विचिटा)

मी कान्ससमध्ये राहते, आमच्या घरात अशीच खोली आहे. फेमाचं आधी सांगते. फेमा कुठल्याही कंपनीच्या मालाला मान्यता देत नाही, प्रमाणपत्र देत नाही, शिफारस करत नाही. फेमा पी-३२० आणि पी-३६१ ही मार्गदर्शक पुस्तकं काढते, आणि आयसीसी ५०० हे अशा वादळी शेल्टरसाठीचं मानक आहे. ते बरहुकूम बांधलंय असं म्हणता येतं, "मान्यताप्राप्त" म्हणता येत नाही. पत्रकावर तसं छापणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

लाकडाच्या माराची चाचणी ठरलेली आहे. १५ पौंडांचा, म्हणजे पावणेसात किलोंचा टू बाय फोर (दोन बाय चार इंची) वासा हवेच्या तोफेतून ताशी १०० मैल वेगाने भिंतीवर सोडतात, छतासाठी ६७ मैल वेगाने. लबक गावातल्या टेक्सास टेक विद्यापीठात हे काम वर्षानुवर्षं चालतं. १९७० साली लबकवरच मोठा टोर्नेडो आला होता, त्यात २६ माणसं गेली, आणि तिथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. प्लेटच्या जाडीबद्दल सांगायचं तर फेमाच्या एका आराखड्यात पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर आणि १४ गेजची पातळ चादर आहे, आणि तो मार सोसतो. त्यामुळे १० गेजला घाबरू नका. "या मॉडेलचा चाचणी अहवाल पाठवा" एवढंच कंपनीला लिहा.

अहवालात दरवाजा शोधा. चौकट, बिजागऱ्या, कड्या आणि पल्ला हे सगळं एकत्र तपासलेलं असायला हवं. चांगल्या दाराला वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी बोल्ट असतात. दाराच्या पल्ल्यावरच दीड टनाच्या आसपास दाब येतो, तो एका कडीवर सोडायचा नाही. वेल्डरला विचारा, दार कुठून आणणार. बाजारातलं साधं लोखंडी दार लावणार असेल तर पाव इंची प्लेटचा काही उपयोग नाही. आणि आत उघडणारं किंवा सरकतं दार बघा, बाहेर ढिगारा साचला तरी उघडता यायला हवं.

सासूबाईंसाठी उंबरठा किती उंच आहे ते विचारा. मध्यरात्री सायरन झाला की हातात सरासरी दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी त्याहून कमी. आमच्या आईंसाठी आत खुर्ची कायम ठेवलेली आहे.

---

नेरूळचा_वाचक

तिकडच्या बातम्यांत "जमिनीखाली जा" असंच सांगतात ना? मग जमिनीवरची खोली घेणं धोक्याचं नाही का?

---

प्रेअरी_मराठी (विचिटा)

तो समज इथेही आहे, आणि त्यातून नुकसान झालंय. ३१ मे २०१३ ला एल रेनोच्या टोर्नेडोच्या वेळी लोक घरं सोडून गाड्या घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. टोर्नेडोत गाडीत अडकण्याइतकं वाईट काही नाही. त्याच महिन्यात मूरला जो टोर्नेडो आला त्यानंतर टेक्सास टेकच्या लोकांनी जमिनीवरच्या खोल्यांची पाहणी केली होती. नीट बांधलेल्या खोल्या उभ्या होत्या. ज्या माणसाला शिडी उतरता येत नाही त्याच्यासाठी खालच्या शेल्टरपेक्षा हीच खोली सुरक्षित, कारण तो तिच्यात वेळेत पोचतो.

वागळेदादा, आणखी दोन कामं. मूरच्या नगरपालिकेकडे शेल्टरची नोंद करता येते, ती नक्की करायला सांगा. घर कोसळलं तर कुठे खणायचं हे बचाव पथकाला आधीच कळतं. आणि राज्याची सूनरसेफ नावाची सवलत योजना आहे, म्हाडासारखी सोडत निघते. अर्ज सुरू आहेत का ते बघा. पण सोडतीची वाट बघत हंगाम काढू नका.

---

वागळे_फॅब (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीला व्हिडिओ कॉलवर गॅरेज दाखवायला लावलं. पुढच्या दाराजवळ फरशीत पोस्ट-टेन्शनचा शिक्का आहे, गाडीच्या टायरखाली अर्धा झाकलेला. खारघरच्या ताईंनी किंवा दादांनी लिहिलं नसतं तर तिकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. स्लॅब स्कॅन करून केबलच्या जागा खडूने आखून घ्यायचं ठरलं.

वेल्डरला दाराबद्दल विचारलं. तो म्हणाला, दार मी इथेच करतो, तीन कड्या लावतो. चाचणी झालेली नाही. त्याला नाही म्हणून कळवलं. माणूस चांगला आहे, वेल्डही सुबक आहेत, पण दार तपासल्याशिवाय मी माझ्या माणसांना आत बसवणार नाही. कंपनीकडे चाचणी अहवाल आणि अँकरचं ड्रॉइंग मागितलंय.

आता एकच अडलंय. केबल चुकवायच्या तर अँकरची भोकं खोलीच्या बेसप्लेटवर (तळाच्या प्लेटवर) ठरल्या जागी येणार नाहीत. कंपनीकडून बदललेल्या जागांचा नवा हिशोब सहीनिशी मागावा, की खोलीच गॅरेजमध्ये फूटभर सरकवावी? सरकवली तर बाहेरच्या भिंतीकडची कड जवळ येते. पोस्ट-टेन्शन स्लॅबवर असं काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. स्कॅन झालं की आखणीचा फोटो इथे टाकतो.