सोलर घ्या, पण बोअरचं पाणी बघून

अंघोळीचं पाणी उन्हावर तापवणाऱ्या सोलर हीटरबद्दल "सोलर बसवलं की गीझरचा खर्च संपला" असं म्हणतात. विजेच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ३.५ युनिट लागतात, आणि आपल्याकडे थंडीतही ऊन लख्ख पडतं. पण लातूर-परभणीकडे कितीतरी घरांत बोअरचं जड पाणी येतं, त्याचं काय? पाणी तापलं की त्यातले क्षार पांढरा थर धरून बसतात. सोलर हीटर दोन प्रकारचे, सपाट पॅनलचे आणि काचेच्या नळ्यांचे. सपाट पॅनलमधल्या तांब्याच्या नळ्या बारीक, त्या लवकर चोंदतात. काचेच्या नळ्या रुंद असतात आणि काढून साफही करता येतात, म्हणून आम्ही त्याच घेतल्या. दिवाळीच्या आधी सफाईला माणूस बोलवावा लागतो, तो खर्च धरून चाला.

आणखी एक. गच्चीवरून न्हाणीपर्यंतच्या पाइपातलं गार पाणी आधी सोडावं लागतं. टँकरच्या दिवसांत ते जिवावर येतं! आम्ही ते बादलीत धरून भांड्यांना वापरतो. घरचं शेत असेल, तुराट्या-पऱ्हाट्या (तूर-कापसाच्या वाळक्या काड्या) फुकट मिळत असतील, तर मात्र जळण घालून पाणी तापवायच्या बंबाइतकं स्वस्त काही नाही. फक्त धुराचं शेजाऱ्यांना आधी विचारा.