इंग्रजीतला साधा भूतकाळ पक्का करण्यासाठी काय करावे?

चाफेकळी: काल झालेल्या बैठकीचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिताना क्रियापद साध्या भूतकाळात ठेवावे की त्याला 'हॅड' जोडावे, हे मला खात्रीने ठरवता येत नाही. रोज अर्धा तास देता येईल. क्लास लावणे मात्र शक्य नाही. पुस्तक, ॲप किंवा सरावाची एखादी पद्धत सुचवावी.

रानवाट: क्लासच लावा. चुका तिथल्या तिथे दाखवणारे कोणी नसेल, तर भूतकाळ सुधारत नाही. आमच्या सरांनी अनियमित क्रियापदांची तिन्ही रूपे रोज म्हणून घेतली आणि ती मला आजही तोंडपाठ आहेत.

शब्दवेडा: क्लास शक्य नाही, असे ताईंनी स्पष्ट लिहिले आहे. पाठांतरच करायचे, तर अकारविल्हे यादीपेक्षा गट पाडावेत. 'कट', 'पुट', 'हिट' बदलतच नाहीत. 'सिंग–सँग', 'रिंग–रँग' यांत फक्त स्वर बदलतो. 'ब्रिंग–ब्रॉट', 'थिंक–थॉट' यांचा शेवट सारखा होतो.

कागदी होडी: मूळ अडचण रूपांची नाहीच. 'काल मी बँकेत गेलो होतो' असे आपण मराठीत सहज म्हणतो आणि त्यातला 'होतो' इंग्रजीत 'हॅड' होऊन उतरतो. इंग्रजीला 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्याच दुसऱ्या घटनेच्या आधी काही घडून गेले होते, हे दाखवायला: 'व्हेन शी कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी लेफ्ट.' नुसते कालचे जाणे सांगायला 'आय वेंट टू द बँक यस्टरडे' एवढे पुरते. शिवाय 'यस्टरडे', 'लास्ट वीक' असा संपलेला काळ वाक्यात असला, की 'हॅव गॉन'ही चालत नाही.

रानवाट: मग अमेरिकन लोक 'आय ऑलरेडी एट' कसे म्हणतात?

कागदी होडी: 'ऑलरेडी' संपलेला काळ नेमका सांगत नाही, म्हणून ब्रिटिश तिथे सहसा 'आय हॅव ऑलरेडी ईटन' म्हणतात आणि अमेरिकनांना दोन्ही चालते. 'यस्टरडे'बाबत दोघांचा नियम एकच आहे.

पहाटवारा: ॲपच्या नादी लागू नका. मी वापरलेल्या ॲपमध्ये केवळ गाळलेल्या जागा होत्या आणि प्रत्येक धड्याचा काळ आधीच ठरलेला होता, त्यामुळे काळ निवडण्याची वेळच येत नसे. उच्चारांबद्दल तर एक अक्षर नव्हते. 'वॉक्ड'चा शेवट 'ट'सारखा होतो, 'प्लेड'चा 'ड'सारखा, आणि 'वॉन्टेड'च्या शेवटी 'इड' असा जादा उच्चार ऐकू येतो, हे मला इंग्रजी बातम्या ऐकून समजले.

जुनी वही: तिन्ही रूपे पाठ करा, दुसरा मार्ग नाही. आणि 'डिड'नंतर मूळ रूपच येते: 'डिडन्ट वेंट' नव्हे, 'डिडन्ट गो'. हल्लीच्या कार्यालयीन पत्रांत ही चूक इतकी दिसते, की ती पुढे वाचवत नाहीत.

चाफेकळी: सर्वांचे आभार. क्लास, यादी आणि ॲप तिन्ही बाजूला ठेवून मी माझ्याच जुन्या वृत्तान्तांतला प्रत्येक 'हॅड' तपासणार आहे आणि ज्याच्यानंतरची दुसरी घटना मजकुरात सापडणार नाही, तो काढून टाकणार आहे. गटांची कल्पना चांगली आहे. परंतु बैठकीच्या लेखनात 'सँग' आणि 'रँग' क्वचितच लागतात, तेव्हा सुरुवात 'सेड', 'सेंट', 'अग्रीड' आणि 'डिसायडेड' यांच्यापासून करते.