तपकिरी अस्वल बघायला द्रासला जावं का? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी किनवटचा. आमच्याकडचं अस्वल म्हणजे काळं, छातीवर पांढरा व्ही, वारुळं उकरणारं. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाणारी माणसं आधी खाकरतात, मग झाडाखाली जातात!

आता तपकिरी अस्वल बघायचं मनात आहे. रशिया, अलास्का आपल्या खिशाबाहेर. भारतात ते हिमालयात, साधारण 3,000 मीटरच्या वर, झाडं संपतात तिथल्या कुरणांत राहतं. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, थोडं उत्तराखंड. खांद्यावर उंचवटा ही त्याची खूण. हिवाळाभर बिळात झोपतं, म्हणून जून ते सप्टेंबर धरलाय.

कारगिलकडं द्रास आणि झंस्कार मनात आहेत. कुणी जाऊन आलंय का? नुसत्या रस्त्यावरून दिसतं, की गावातला माणूस सोबत घेऊन डोंगर चढावा लागतो? दुर्बीण कोणती न्यावी? सोबत वडील आहेत, वय 64, बीपीची गोळी चालू. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण एवढ्या उंचीवर या वयाचं कुणी नेलं असेल तर अनुभव सांगा. नांदेडहून रेल्वेनं जम्मू गाठायचा बेत आहे.