विषय: भाच्याचं लायसन आणि थुंकीची टेस्ट

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर)

मंडळी, नमस्कार. वर्गणीची मेल नाही, घाबरू नका.

आईच्या गुडघ्यासाठी नागपूरला आलेय. काल तर्री-पोहे ताटलीत काढतच होते, तर सिडनीच्या ब्लॅकटाउनहून भाच्याचा फोन. शनिवारी रात्री मित्राच्या रूमवर गांजा ओढला, झोपला, सकाळी आंघोळ करून कामाला निघाला. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं. नळीत फुंकायला लावलं, शून्य. मग जिभेवर पट्टी फिरवायला लावली, पॉझिटिव्ह! भाऊ स्पीकरवर ओरडतोय, "अबे, दारू पेला होता का तू?" "नाही ना बाबा." "कोणाले ठोकलं का?" "नाही." "मंग कायचा दंड?"

मलाही उत्तर सुचलं नाही. कोणाला माहिती आहे का?

प्रेषक: सेव्हन हिल्सवाला

ताई, मी वकील नाही, पण आमच्या घरून हे गेलंय.

दादांचा प्रश्न आपल्याकडच्या कायद्याचा आहे. तिथे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूला आकडा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ड्रगला आकडा नाही. गाडी ताब्यात ठेवता येत नव्हती, एवढी नशा दाखवावी लागते. इथे न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीचं राज्य) नशेत गाडी चालवणं हा वेगळा आणि जास्त जड गुन्हा आहे. भाच्यावरचा गुन्हा फक्त 'थुंकीत सापडलं' एवढाच. यादीत गांजा, आइस-स्पीड (मेथॅम्फेटामाइन), एक्स्टसी (एमडीएमए) आणि २०१८ पासून कोकेन. डोकं किती ठिकाणावर होतं, हे कोणी विचारतच नाही. गांजा साधारण १२ तासांपर्यंत सापडू शकतो, आइससारख्या गोष्टी एक-दोन दिवस. झोप आणि आंघोळ यांचा काही उपयोग नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा गांजासुद्धा इथे बचाव होत नाही. (टास्मानियात होतो. एकाच देशात!)

त्याची दुसरी थुंकी घेतली असेल, ती लॅबला जाते. २४ तास गाडी चालवायची नाही, हे तिथेच सांगतात. लॅबनेही हो म्हटलं तर नोटीस येईल. मे २०१९ पासून पहिल्या वेळेला दंड आणि तीन महिने लायसन बंद. दंडाची रक्कम तेव्हापासून वाढलीय. नोटिशीवरचा आकडा बघा. दंड भरला तर कोर्टात दोषी ठरल्याची नोंद होत नाही. कोर्टात जाऊन हरलात तर २२०० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने बंदी. न्यायाधीश ती तीनवर आणू शकतात, कधी दोषी न ठरवता सोडतातही. पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने तो जुगार वकिलाला विचारल्याशिवाय खेळू नये. आणि तीन महिन्यांत 'दुकानापर्यंतच तर जायचंय' म्हणून किल्ली घेतली, तर ते प्रकरण याहून मोठं होतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

प्रेषक: खजिनदार

खूप आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. त्याचं पहिलं वाक्य, "म्हणजे शिवरात्रीची भांग पिऊन दुसऱ्या दिवशी गाडी काढली, तरी?" हो म्हटलं. आईने आतून विचारलं, कोण पितं रे भांग? तो विषय तिथेच थांबला.

भाचा दंड भरणार आहे. सोमवार ते शुक्रवार त्याची पहाटे ५ ची शिफ्ट पेनरिथला असते आणि त्या वेळेला ट्रेन जुळत नाही. ब्लॅकटाउनवरून कोणी तिकडे जात असेल तर कळवा. पेट्रोलचे पैसे देईल.