जुनी ऑटोमॅटिक गरम झाली की झटके देते, गिअरबॉक्स खोलायचा का?

सेकंडहँडवाला: नमस्कार मंडळी, २०१० ची पेट्रोल सेडान आहे, ५ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे जाते ती), रनिंग १ लाख १८ हजार, माझ्याकडे सेकंड ओनर म्हणून आली. सकाळी लोण्यासारखी चालते पण गरम झाली की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना असा झटका देते की मागे बसलेल्या आईची मान हलते. सिग्नलला एनमधून (न्यूट्रल) डीला (ड्राइव्ह) टाकली की धप्प आवाज येतो तो वेगळाच. चेक इंजिन लाइट नाही. गॅरेजवाला म्हणतो बॉक्स खोला, ८० हजार धरून चाला. गाडीचेच आता पावणेदोन लाख येतील. नाशिकला आहे, कसारा घाट नेहमीचाच. काय करू?

ग्रीसबोट: थांबा हो, एवढ्यात खोलू नका. हे दोन वेगळे आजार असू शकतात. उभ्या गाडीत डी टाकल्यावर धप्प म्हणजे आधी इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, गाडीसमोर कोणी उभं राहायचं नाही, एकाने ब्रेक दाबून आर-डी-आर करायचं आणि दुसऱ्याने बाजूने बघायचं इंजिन किती उडी मारतंय. आयडलिंग जास्त असेल तरी धप्प येतं, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) घाण असते बऱ्याचदा. आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, कधी बदललंय?

सेकंडहँडवाला: बघितलं, एका बाजूला इंजिन चांगलंच उचलतंय. ऑइल बदलल्याची कुठे नोंदच नाही. टिश्यूवर थेंब घेतला तर कोऱ्या चहासारखा रंग, जळका वास मात्र नाही.

घाटवाला: भाऊ, जुनं ऑइल बदलू नका, नंतर गिअर स्लिप व्हायला लागतात. आमच्या ओळखीत झालंय असं.

ग्रीसबोट: घाटवाले, ते ज्यांच्या क्लच प्लेटा आधीच संपल्यात त्यांचं. ऑइल काळं, जळका वास, ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, अशी गाडी ऑइल बदलून वाचत नाही आणि मग बदनाम ऑइल होतं. इथे वास नाही, स्लिप नाही, नुसता झटका आहे, तोही गरम झाल्यावर. बदला बिनधास्त, फक्त मशीनचा फ्लश नको, साधं ड्रेन करून भरा. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइलच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून थोडे किलोमीटर चालवून परत एक-दोनदा करावं लागतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, "सगळ्याला चालतं" म्हणून दुकानदार देईल तो नको आणि सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तर अजिबात नको. लेव्हल पण मॅन्युअलप्रमाणेच बघा, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून, काहींना डिपस्टिकच नसते.

तारजोडणी: त्याआधी स्कॅन करून घ्या. लाइट नाही म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड नाही असं नसतं. स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतं, गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचणारा स्कॅनर असलेला माणूस शोधा आणि गाडी तापलेली असतानाच लावा. पी०७०० आला तर घाबरू नका, तो फक्त सांगतो की ट्रान्समिशनच्या मॉड्यूलमध्ये काहीतरी नोंद आहे, खरा कोड आत असतो. पी०७५० च्या आसपासचे आले तर शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलायला ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा त्याचं वायरिंग, त्याला अख्खा बॉक्स खोलायची गरज नसते बऱ्याचदा. ऑइल बदलल्यावर शिफ्टचं लर्निंग (गिअर कसे बदलायचे याची कंट्रोलरने शिकलेली सवय) रीसेट होतं का तेही त्यालाच विचारा.

पहिलीच_एएमटी: माझी एएमटी पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना डोलते, हेच ऑइल टाकू का??

ग्रीसबोट: नाही हो, एएमटी म्हणजे मॅन्युअलच बॉक्स, क्लच फक्त यंत्र दाबतं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सेकंडहँडवाला: मग आधी माउंट, मग स्कॅन, मग ऑइल. तोवर घाट उतरू का?

घाटवाला: उतरा, पण लिव्हर खालच्या गिअरला ठेवा, उतारावर एन करू नका, आणि गिअर अडकल्यासारखी एकाच गिअरमध्ये ओढायला लागली तर टोइंग बोलवा.

ग्रीसबोट: +१. आणि ऑइल काढताना ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटचा फोटो टाका इथे. बारीक राखाडी चिखल असेल तर ठीक, टोचणारे तुकडे असतील तर मग त्या ८० हजारांचं बघू.