डंबेल्सने कातडी आवळत नाही

या चर्चेत वर एका ताईंनी विचारलंय, बरंच वजन उतरल्यावर दंडाची लोंबणारी कातडी डंबेल्सने जाईल का. त्यावर कुणीतरी ‘लायपो करून टाका’ (लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं) असं सुचवलंय. मला दोन्ही पटत नाही. व्यायामाने आतला स्नायू भरतो, सैल कातडी आवळत नाही. लायपोने चरबी निघते, पण कातडीत लवचिकपणा उरला नसेल तर दंड रिकाम्या पिशवीसारखा दिसतो.

उरते ब्रॅकिओप्लास्टी, म्हणजे दंडाची जास्तीची कातडी कापून काढायची शस्त्रक्रिया. पण व्रणाबद्दल इथे कुणी बोललंच नाही! काखेपासून जवळपास कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने. माझ्या वहिनीने पुण्यातच करून घेतली. हात खाली असला की काही दिसत नाही, पण पीएमपी बसमध्ये वरची दांडी धरली की लालसर रेघ डोळ्यांत भरते. फिकी व्हायला वर्षभर तरी लागतं, पुसली कधीच जात नाही. कान टोचल्यावरही ज्यांना गाठ येते (किलॉइड), त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं. कोपराखाली आतल्या बाजूला बधिरपणाही येऊ शकतो, कधी कायमचा.

शस्त्रक्रियेआधी वजन निदान सहा महिने स्थिर हवं. नंतर काही आठवडे घट्ट प्रेशर स्लीव्ह (दंडावर दाब देणारी बाही) घालावी लागते, म्हणून पुण्याचा मे महिना टाळाच. जड उचलणं बंद, आणि स्कूटर डॉक्टर सांगेपर्यंत नाही (वहिनीला व्रणापेक्षा याचाच जास्त त्रास झाला). केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम सहसा मिळत नाही. आणि क्लिनिकची चकचकीत पाटी बघू नका, सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का ते विचारा.