इचलकरंजीचा रंग, कोल्हापूरचा नाला आणि मधले बरगे

प्रयागकर
परवा एक पोस्ट फिरत होती. निळ्या-लाल पाण्याचा फोटो, खाली ओळ: 'पंचगंगा मारली ती इचलकरंजीच्या रंगानं. प्रोसेस (कापड धुण्या-रंगवण्याचे कारखाने) बंद करा, दोन वर्षांत पंचगंगा घाटावर ओंजळीनं पाणी प्याल.' लाइकांचा पाऊस. तिथं उत्तर दिलं तर वाहून जाणार, म्हणून इथं लिहितोय.

लिहिणाऱ्यानं निदान नकाशा तरी बघायचा. नदी प्रयाग चिखलीहून निघते आणि नरसोबावाडीला कृष्णेत जाते. वाटेत कोल्हापूरचा पंचगंगा घाट आधी लागतो, इचलकरंजी कितीतरी खाली. इचलकरंजीचा रंग नदीला उलटा चढून शिवाजी पुलाखाली येतो काय? घाटावर जे दिसतं ते आपल्याच शहराचं आहे. दुधाळी आणि जयंती हे दोन्ही नाले राजाराम बंधाऱ्याच्या फुगवट्यातच नदीला मिळतात. सांडपाणी शुद्ध करायचे प्रकल्प म्हणाल तर कसबा बावड्याचा ७६ एमएलडी (दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर) आणि दुधाळीचा १७ एमएलडी, म्हणजे दोन्ही मिळून कागदावर ९३ एमएलडी क्षमता झाली. पण प्रकल्पाची क्षमता आणि प्रकल्पापर्यंत पोचलेलं पाणी यांत फरक असतो. जयंती नाल्यावर पाणी अडवून ते पंपानं बावड्याला ढकलावं लागतं. लाइट गेली, पंपाच्या जाळीत प्लास्टिक अडकलं, दाबनलिका फुटली किंवा वळवाची एक सर आली, की नाला बांध ओलांडून सरळ नदीत. दिवसाला ५ कोटी लिटर उचलणारी पंपांची रांग एक तास बंद पडली तर २० लाख लिटर मैलापाणी नदीत जातं. प्रकल्पाच्या गेटवर घेतलेल्या नमुन्यात ते कधीच दिसत नाही, कारण ते गेटपर्यंत आलेलंच नसतं.

आणि २०१२ ची इचलकरंजीची कावीळ आठवा. ती हेपेटायटिस ई. तो विषाणू माणसाच्या विष्ठेतून येतो, कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह डायमधून नाही.

शिरोळ_काठ
वा. म्हणजे कोल्हापूरकर आता इचलकरंजीचं वकीलपत्र घेणार. आम्ही खालच्या अंगाला राहतो, आम्हाला दोघांचंही पाणी मिळतं, त्यामुळं आमचं कुणाशी नातं नाही. इचलकरंजीखालच्या तेरवाडला येऊन बघा, मग विषाणू शिकवा. प्रश्न रंगाचा नाहीच, मिठाचा आहे. प्रोसेसवाल्यांच्या सांडपाणी प्रकल्पात जिवाणू सोडून बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) उतरवतात, पण मीठ जिवाणू खात नाहीत. आत गेलेलं सगळं मीठ बाहेर येतं आणि आमच्या मोटरीनं उसात चढतं.

जिगरवाला
मिठाचं शिरोळ_काठ बरोबर बोलले, ते आधी मान्य करतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात रंगवताना रंगाच्या टाकीत लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ लागतं, गडद शेडला जास्त. ते फक्त रंग धाग्याकडं ढकलायला असतं, कापडात राहत नाही. रंगातलाही पाचवा हिस्सा तरी धाग्याला न चिकटता धुऊन जातो, काळ्या-नेव्ही शेडला त्याहून अधिक. तुम्हाला दिसतं ते हे. पण ऑक्सिजन कोण खातो ते वेगळंच आहे. खळ! विणण्याआधी सायझिंगमध्ये ताण्याला (उभ्या धाग्यांना) जी स्टार्चची खळ देतात ती प्रोसेसला पहिल्या टाकीतच डिसायझिंगमध्ये उतरवतात, आणि सुती प्रोसेसच्या एकूण बीओडीतला जवळजवळ निम्मा भार त्या एका टाकीतून येतो. ते पाणी बिनरंगी, पेजेसारखं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. मग स्कावरिंगचं, म्हणजे कापड उकळून धुण्याचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी, पीएच ११-१२, तेही बिनरंगी.

म्हणून म्हणतो, डोळ्यांवर जाऊ नका. इचलकरंजीचा प्रोसेसवाल्यांचा सामुदायिक सांडपाणी प्रकल्प १२ एमएलडीचा. तिथं पीएच नीट न उतरवता कॉस्टिकचं पाणी एकदम घुसलं तर जिवाणू मरतात, आणि टाकी पुन्हा रुळावर यायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत बाहेर पडणारं पाणी दिसायला फार वेगळं नसतं, पण निव्वळ कच्चं असतं.

आणि १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला, त्यामुळं नदी मेली, असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो की माग कोरडा चालतो. माग आणि प्रोसेस यात फरक आहे.

उसाचा_खोडवा
सगळं बोललात, आता साखर कारखान्यांवर येणारच. म्हणून मीच आधी बोलतो. 'मळीमिश्रित पाणी' हा शब्द बंद करा. मळी म्हणजे मोलॅसिस. ती कारखान्याला पैसे देते, ती नदीत कोण सोडेल? रस गाळल्यावर उरतो तो प्रेसमड. डिस्टिलरीतून निघतो तो स्पेंटवॉश. तिन्हीला एकच नाव देऊन बातम्या करायच्या आणि कारखानदाराला चोर म्हणायचं.

बाटलीत_नदी
नावं सुधारली, आभार. आता आकडे. स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम. १० हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात उघडला तर ५०० किलोपर्यंत बीओडी. माणशी दिवसाला साधारण ५० ग्रॅम धरा, म्हणजे १० हजार माणसांचा दिवसभराचा मैला एका नळातून. उन्हाळ्यात ३० अंशाच्या पाण्यात लिटरला फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. १० कोटी लिटरच्या डोहात सगळा मिळून ७५० किलो. एक टँकर त्यातला दोन तृतीयांश खाऊ शकतो.

उसाचा_खोडवा
टँकर, टँकर! आता बहुतेक डिस्टिलऱ्या स्पेंटवॉश आटवून बॉयलरला जाळतात नाहीतर प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करतात. बाहेर पडायला उरतं काय?

बाटलीत_नदी
कंपोस्टचं अंगण उरतं. वळीव एप्रिल-मेमध्ये येतो, अंगण उघडं, खालचं प्लास्टिकचं अस्तर फाटलेलं, कडेचा चर गाळानं भरलेला. काळा चहा थेट ओढ्यात. आणि हंगामात बाष्पीभवनाच्या नळ्यांवरची खवली काढायला कॉस्टिक उकळतात, त्या दिवशी फ्लोअर वॉशिंगसकट जे सुटतं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. शब्द तुमचे.

उसाचा_खोडवा
साफसफाईचा दिवस ठीक आहे, धरतो. टँकर नाही धरत.

बरगा_सात
तासभर वाचतोय. कोल्हापूर, इचलकरंजी, साखर, खळ सगळं आलं. नदी वाहते की नाही हे कुणी विचारलं? पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे. ऑक्टोबरात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घातले की जूनपर्यंत ती नदी नाही, सात तळी आहेत. अख्ख्या देशात 'कोल्हापूर टाइप' म्हणून मिरवतो तो बंधारा नदीचा दम कसा कोंडतो ते कुणी लिहीत नाही, कारण त्याच पाण्यावर ऊस आहे.

शिरोळ_काठ
झालं. आता बंधारा गुन्हेगार. बरगे काढा म्हणताय का सरळ सांगा, म्हणजे तालुक्यात तुमचा सत्कार करू. मार्चमध्ये बरगे काढले तर जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी) उघडे पडतात. उसाचं सोडा, गावांच्या नळयोजना बंद.

बरगा_सात
काढा म्हणालोच नाही. कसे काढतो ते बघा. दगडी खांब, मध्ये दोनेक मीटरचे गाळे, खांबाला दोन खाचा. पुढच्या खाचेत बरग्यांची एक ओळ, मागच्या खाचेत दुसरी, मधल्या पोकळीत माती आणि पाचट ठासून. पूर्वी लाकडी होते, आता लोखंडी, म्हणून चोरीला जाऊन भंगारात जातात. पाणी सोडायचं म्हटलं की वरचा एक बरगा निघतो, कारण दाबाखाली वरचाच हाताला येतो. म्हणजे सुटतं ते वरचं अर्धा-एक मीटर पाणी, जे तसंही बरं असतं. तळाचं काळं पाणी ऑक्टोबरपासून जागचं हलत नाही. आठ महिने खळ, मैला, कुजलेली जलपर्णी त्यावर बसत राहते. जूनच्या पहिल्या लोंढ्यात तळाचा बरगा निघतो आणि सगळा गाळ एका दिवसात खाली. मग तेरवाडला मासे तरंगतात आणि फोटोखाली लिहितात, कारखान्यानं विष सोडलं.

बाटलीत_नदी
म्हणूनच नमुना कुठून घेतला हे विचारा. दुपारी दोनला, पुलावरून बादली टाकून, वरचं पाणी घेतलं तर शेवाळानं ऑक्सिजन सोडलेला असतो, आकडा आठ-दहासुद्धा येतो. त्याच डोहात पहाटे पाचला एक. रात्रभर शेवाळही श्वास घेतं. मासे पहाटे तोंड वर काढतात ते त्यामुळं.

नमुना प्रयोगशाळेत नेऊन बघायचा नसतो, काठावरच बांधायचा असतो, म्हणजे रसायन घालून त्यातला ऑक्सिजन तिथंच पकडायचा. ३०० मिलिलिटरची बाटली तळाच्या पाण्यानं भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली. बूच लावून उलटसुलट. तपकिरी गोळा बसला तर ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर टायट्रेशन करायची गरजच नाही, उत्तर मिळालं. उन्हाळ्यात पहाटे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तळाची बाटली भरा आणि रंग बघा.

जिगरवाला
एक शंका. बरग्यावरून पडताना पाण्यात हवा मिसळतेच की. तेरवाडखाली फेस दिसतो.

बरगा_सात
पाणी पडलं तर मिसळते ना. फेब्रुवारीनंतर पडतंय कुठं? पाझरतंय. आणि तो फेस हवेचा नाही हो, साबणाचा. सुटतो आणि तासभर तसाच राहतो.

शिरोळ_काठ
मग काय करायचं ते सांगा. निदान नको, औषध.

बरगा_सात
प्रत्येक बंधाऱ्यात दोन गाळे असे की ज्यांना तळातून उचलायचं दार आहे. माती-पाचट नाही, खालून उघडणारं. पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन तास.

बाटलीत_नदी
आणि खालचे मासे मारा. तळाचं पाणी एकदम सोडलं तर जूनमध्ये होतं तेच दर पंधरवड्याला होईल.

बरगा_सात
एकदम कोण म्हणालं? आधी वर भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं आवर्तन खाली पोचू द्यायचं, म्हणजे मिसळायला ताजं पाणी आहे. मग शिरोळपासून वर यायचं: शिरोळ, तेरवाड, इचलकरंजी, या क्रमानं. खालच्या डोहात जागा झाल्याशिवाय वरचं दार उचलायचं नाही. पहाटे नाही, दुपारी, जेव्हा वरच्या थरात ऑक्सिजन जास्त असतो. आणि दार वीतभर, पूर्ण नाही.

शिरोळ_काठ
आवर्तन खाली पोचेल कसं? राधानगरीतून सुटलं की वरच्या प्रत्येक काठावर मोटरी सुरू. उपसाबंदीचा आदेश निघतो आणि रात्री स्टार्टरचे आवाज ऐकू येतात. आमच्याकडं पोचतं ते उरलेलं.

प्रयागकर
एक गोष्ट विसरताय. नोव्हेंबर २०२३ पासून कोल्हापूर शहरात काळम्मावाडी धरणाचं पाणी येतंय. ते दूधगंगेचं. म्हणजे शहर भोगावतीतून जेवढं कमी उचलेल तेवढं नदीत राहील, आणि वापरलेलं दूधगंगेचं पाणी सांडपाणी होऊन पंचगंगेतच येणार. हिशेबानं खाली पाणी वाढायला पाहिजे.

शिरोळ_काठ
वा! म्हणजे तुमच्या संडासाचं पाणी हे आमचं नवीन आवर्तन. लई उपकार.

प्रयागकर
चिडू नका. तेच म्हणतोय, वाढणारं पाणी म्हणजे वाढणारा नाला. पंपाला जनरेटर, फुटणारी दाबनलिका दुहेरी, हे आधी नाही केलं तर दूधगंगा फक्त घाण जास्त लांब नेईल.

उसाचा_खोडवा
आणि जलपर्णी? तिचा दोष कुणाला देणार, की तीही कारखान्याची?

बाटलीत_नदी
नायट्रोजन-फॉस्फरसची. मैला शुद्ध झाला, बीओडी दहाच्या आत आला, तरी हे दोन्ही बऱ्यापैकी शिल्लक राहतात. शिवाय उसाचं खत आहेच. पंधरवड्यात दुप्पट होते. काढायची तर फुलोऱ्याआधी, आणि काठावर न टाकता पूररेषेच्या पलीकडं. काठावर टाकलेली पुढच्या पाण्यात परत तरंगते, पैसे देऊन काढलेली, फुकट.

जिगरवाला
चला, मी मिठाचं मान्य केलं, खोडवा साफसफाईचं मान्य केलं, प्रयागकरांनी नाल्याचं सुरुवातीलाच. शिरोळ_काठ, तुमचं काय? उसाला पाट सोडून पाणी देता, मीठ नदीतून येतं तेवढंच की जमिनीतूनही वर येतं?

शिरोळ_काठ
पाटपाण्यानं जमीन चिबडते, पाणी साचून मीठ वर येतं, हे मला शिकवू नका. ठिबकला पाणी गाळून लागतं. या पाण्यानं आठवड्यात ड्रीपर तुंबतात, दर चार दिवसांनी बॅकवॉश, आम्ल सोडायचं वेगळं. तुम्ही गाळून द्या, मी उद्या ठिबक करतो.

जिगरवाला
म्हणजे थोडं मान्य.

शिरोळ_काठ
थोडं. बरगा_सात, यंदा शिरोळचे बरगे कधी बसणार?

बरगा_सात
पाऊस थांबला की. गेल्या वर्षीचे मोजून पुरले तर. आणि माती मिळाली तर.